वस्तादांची पारख

हुसेनवस्ताद माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पोटऱ्यांकडे. सोलापुरातल्या त्यांच्या तालमीत चाळीस वर्षं पोरांची निवड अशीच झाली. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले, तेव्हा सात वर्षांचा नातू सोहेल बरोबर होता. त्याच्या भरदार पोटऱ्या थोपटत म्हणाले, "बघा की म्याडम, खानदानी पैलवान हाय. जिन्यावर तेवढा दमतोय. आळशी हाय, बाकी काय न्हाय."

मी सोहेलला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं. आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत त्यानं स्वतःला कसंबसं वर ढकललं. त्या पोटऱ्यांत ताकद नव्हती, झिजलेल्या स्नायूंच्या जागी चरबी साठत होती. आळस घालवायला काय करता, असं विचारलं. "रोज पहाटं ईस बैठका. मांडीला हात लावला की छडी." मी त्यांच्यावर ओरडलेच. अशा आजारात जादा मेहनत उरलेला स्नायूही मोडते.

तपासणीत स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार पक्का झाल्यावर ते एकटेच आले, दारातच उभे राहिले. "पोरगं रडत हुतं, ताई. मी म्हणलं, रडल्याबिगर पैलवान हुत न्हाय." मला त्यांच्याकडे बघवेना.

पुण्यात एका रुग्णालयात जनुकोपचाराची चाचणी चालू होती. एका निरुपद्रवी विषाणूच्या मार्फत, सोहेलच्या स्नायूंत नसलेलं जनुक एकाच सलाइनमधून पोचवायचं. अटी दोन. मूल ठरलेल्या वेळात जमिनीवरून आपलं आपण उठून चाललं पाहिजे, आणि त्याच्या रक्ताची त्या विषाणूशी आधी गाठ पडलेली नसावी. निवडीच्या तपासणीला दीड महिना होता.

"तयारी काय करून घ्यू?" वस्तादांनी विचारलं.

"काहीही नाही. दमू द्यायचं नाही."

जन्मभर पोरांचा घाम काढलेल्या माणसाला ही शिक्षाच होती. तालीम शिष्यावर सोपवून ते दिवसभर सोहेलशी कॅरम खेळत बसले. पोराचा तोल गेला की बाहेर निघून जात. "हात शिवशिवत्यात, ताई," एवढंच म्हणत.

पुण्यात डॉक्टरांनी घड्याळ लावलं. जमिनीवरून उठताना सोहेल अर्ध्यात अडकला. हात मांडीजवळ नेला आणि थांबून वस्तादांकडे बघू लागला. सेकंद जात होते. कुणी काही सुचवायचं नाही, असं आधीच बजावलेलं. तरी वस्ताद पुढं सरकले. "हाथ टेक, बेटा. टेक." पोर वेळेच्या आत उठलं, चाललं.

रक्ताचा अहवाल ऐकायला पुन्हा गेलो. डॉक्टर म्हणाले, "त्या विषाणूची लागण सोहेलला कधीतरी होऊन गेलीय. घरात कळलंही नसेल. शरीरानं त्याला हरवलं, आता ते आमचं औषधही मारून टाकेल. देता येणार नाही."

वस्ताद खुर्चीतून उठले. "म्हंजे जितला म्हणून भाइर काडलासा."

डॉक्टरांनी अहवाल फाइलमध्ये घालून माझ्या हातात दिला.

बाहेर बाकावर बसलेल्या सोहेलनं त्यांचा चेहरा पाहिला. "नाना, मैं हारा क्या?"

"नै बेटा. तू जिता."

त्यांनी खाली बसून त्याला खांद्यावर घेतलं, कुस्ती मारलेल्या पैलवानाला फडातून मिरवतात तसं. मी फाइल छातीशी धरून मागे चालले होते, मला समोरचं नीट दिसत नव्हतं. सत्तरीचा म्हातारा रुग्णालयाचा जिना उतरत होता आणि पोरगं वरून सगळ्यांना हात हलवत होतं.