नऊ आबोलीची फुलं

कारापूरच्या त्या वैनीवर मी अन्याय केला, आणि तोही एका आकड्याच्या भरवशावर.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा मी पेडण्याला शाळेत होतो. पुढे संगणक शिकलो आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा खोलीत काम करू लागलो. तिथली सकाळ अजून आठवते. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पों-पों, चहात बुडवलेला उंडा पाव, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रांची घरघर आणि मोडेमचे लुकलुकणारे हिरवे दिवे. मुंबईला बस सोडणाऱ्या पेडण्याच्या एका शेटांसाठी मी तिकिटांचं संकेतस्थळ बनवलं होतं. गावोगावच्या तिकीट-खिडक्यांवर ते उघडायचं, मार्ग निवडून बटण दाबायचं, की रिकाम्या जागांचं पान येई. पानाच्या तळाशी मी हौसेने एक ओळ टाकली होती : हे पान इतक्या सेकंदांत आलं.

कारापूरची खिडकी सांभाळणारी वैनी मूळची सावंतवाडीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. संगणक ती स्वतःच्या हिमतीवर शिकली होती. संध्याकाळी पान उघडायला फार वेळ लागतो, गिऱ्हाईक निघून जातं, अशी तिची तक्रार होती. मी फोन केला.

"वैनी, तळाची ओळ वाचा. काय लिहिलंय?"

"अर्धो सेकंद."

"मग?"

"मग काय? मी बटण दाबतंय आणि आबोलेची फाती करूक घेतंय. नव फुलां ववून होतत, तेवा तुजा पान दिसता. घड्याळ तुजा, फुलां माजी. खोटा कोण बोलता तां तूच बघ."

फाती म्हणजे गजरा. मी हसलो. फुलांनी कुणी सर्व्हरचा वेग मोजतं का? तुयेच्या खोलीत सकाळी मी तेच पान उघडून पाहिलं. झटकन आलं. संध्याकाळी कारापूरला जाऊन तिच्या शेजारी बसावं, हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण कंटाळा केला.

कारापूरची तिकिटं घटली तेव्हा शेटांनी विचारलं, "चूक कोणाची?"

मी कागदावर छापलेले आकडे पुढे ठेवले. सगळे अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

"म्हणजे बायक मशीन जमना, इतलेंच," शेट म्हणाले.

मी कागद गोळा करून निघालो. महिन्याभरात तिची खिडकी बंद झाली. संगणक न जमलेली बाई म्हणून तिला पुढे कुणी तसलं काम दिलं नाही.

दोनेक वर्षांनी ब्राउझरमध्ये नवी सोय आली. बटण दाबलं कधी, मागणी निघाली कधी, सर्व्हरकडून पहिलं अक्षर आलं कधी, हे सगळं ब्राउझर स्वतः टिपून ठेवू लागला. एका संध्याकाळी, सगळ्या खिडक्यांवर गर्दी असताना, मी कारापूरजवळच्या साखळीच्या खिडकीवरून तेच जुनं पान उघडलं. मागणी निघाल्यापासून पहिल्या अक्षरापर्यंत सतरा सेकंद गेले. आणि तळाला माझी ओळ होतीच : अर्धा सेकंद.

चूक तिथल्या तिथे कळली. माझं घड्याळ पानाच्या आतच बसवलेलं होतं. पान येऊन पोचल्यावरच ते सुरू व्हायचं. त्याआधी सर्व्हरने किती वाट पाहायला लावली, ते त्याला कळणारच कसं? बस स्टँडवर लागल्यावर घड्याळ चालू करायचं आणि म्हणायचं, बस वेळेवर आली. वैनी मात्र बटण दाबल्यापासून मोजत होती.

मी कारापूरला गेलो. ती अंगणात बसून फाती करत होती. केळीच्या सोपाच्या धाग्यात फुलं अडकवणारी तिची बोटं थांबली नाहीत. मी सगळं सांगितलं.

"शेटाक सांगलंस?"

"नाही अजून."

"मगे हंय कित्याक इलंस? माका म्हायत आसा. थंय जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडण्याला गेलो. शेटांनी दोन्ही आकडे पाहिले. मग माझ्यासमोरच तिला फोन लावला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. शेट दोनदा नुसते "हय, बाय" म्हणाले आणि तिला परत बोलावलं. साखळीची खिडकी घे, म्हणाले. ती विचार करून सांगणार होती.

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "ती नव फुलांचें कितें सांगताली रे?"

तेव्हा मला तेही सांगावं लागलं. तिने पहिल्याच दिवशी मला खरा वेळ सांगितला होता, आणि मी तो शेटांपर्यंत पोचू दिला नव्हता.