कल्याण सरांचा ण

टेंभुर्णीत सहावी ते आठवीच्या कुठल्याही पोराचं कुठल्याही विषयात अडलं, की लोक कल्याण सरांच्या पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवत. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजी, सगळं एकाच फळ्यावर. बी.एड. होऊनही नोकरी लागली नाही, तेव्हा सरांनी ट्युशन काढली आणि ती चालली, कारण माणूस जीव ओतून शिकवायचा. ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे ते पोरांना खोलीत उलटं चालायला लावून दाखवत.

एकच भूत त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. बी.एड.ला असताना पाठ घेता घेता ते सहज 'पानी' म्हणून गेले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. अर्धा मराठवाडा पानीच पितो आणि त्याची तहानही भागते, पण सरांच्या ते वर्मी लागलं. यापुढे शुद्धच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. आता न कुठे आणि ण कुठे हे बसून शिकण्यापेक्षा त्यांनी सोपा रस्ता धरला. शंका आली की ण. होता होता शंका सगळीकडेच यायला लागली. गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट, सर लय शुद्ध बोलतात, असाच बोलबाला झाला.

त्यांच्याकडे सातवीतली रेणू यायची. तिचा बाप धुळाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडे, ते पार पावसाच्या तोंडाला परते. दर वर्षी पोरीला संगं न्यायचं त्याच्या मनात येई, आणि दर वर्षी सरांच्या शब्दाखातर तो तिला आजीजवळ ठेवून जाई. "कल्यान सर म्हनतेत तं बराबर असंल," एवढंच तो बोले.

यंदा जाफराबादला तालुक्याची भाषणस्पर्धा लागली. विषय होता, 'सातवीत आम्ही काय शिकतो'. सरांनी झकास भाषण लिहून दिलं. वनस्पतींचं अनुकूलन, वारे आणि हवेचा दाब, शिवरायांचा कारभार, ऋण आणि धन संख्या, सगळ्या विषयांतलं थोडं थोडं. मग उच्चार घोटून घेतले. रेणूने एकदा हळूच विचारलं, "सर, पुस्तकात विज्ञान हाय. 'न' हाय तिथं."

"पुस्तकात काय आहे ते बघू णको," सर म्हणाले. "मी म्हणतो तसं म्हण."

पोरगी तसंच म्हणायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी धुळाजी भावावर मेंढरं सोपवून, धुतलेलं पागोटं बांधून आला आणि तिसऱ्या रांगेत सरांशेजारी बसला. रेणू न अडखळता, खणखणीत बोलली. "माण्यवर," अशी सुरुवात झाली. मग विज्ञाण आलं, तापमाण आलं, वणस्पतींचं अणुकूलण आलं. 'ऋण गुणिले ऋण धण' म्हटल्यावर पुढची रांग हसत सुटली. तिथून पुढे प्रत्येक 'ण'ला हशा. जाफराबादची पोरं जणू वाटच बघत होती.

आपलं बोलणं सरांनी पहिल्यांदाच परक्या लोकांच्या कानांनी ऐकलं. सरळ साधा 'न' होता तो. अख्ख्या टेंभुर्णीच्या तोंडात जन्मापासून बसलेला न, आणि तो आपण पोरांच्या तोंडून उपटून काढला होता.

"काय चुकलं वो, सर?" धुळाजीने विचारलं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"उच्चार," सर पुटपुटले. "जरासे."

भाषण संपलं. परीक्षक बाई चांगल्या होत्या, पण माईक हातात होता. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझी तयारी फार छान आहे. पण हे विज्ञाण, तापमाण बोलायला तुला शिकवलं कुणी?"

रेणूने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. कल्याण सरांनी मान खाली घातली आणि बुटाच्या नाडीकडे बघत राहिले. हिने आपलं नाव घेऊ नये, एवढी एकच गोष्ट त्या क्षणी त्यांच्या डोक्यात होती.

"कुनी न्हाई बाई," रेणू म्हणाली. "मीच म्हनून राह्यले."

पुन्हा हशा झाला आणि सरांचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली.

जीपच्या थांब्यावर धुळाजी पोरीवर भडकला. "सरांनी जिवाचं रान केलं अन् तू आपल्याच मनानं काहीबाही बोलली? गाव हसलं सरांच्या शिकवन्याला." मग त्याने सरांपुढे हात जोडले. "सर, राग धरू नका. पोरीची अक्कल कमी पडली. पाया पड गं सरांच्या."

रेणू वाकली. सरांचे पाय जागचे हलले नाहीत. "असू दे, असू दे," ते म्हणाले, आणि आपण या पोरीला माफ करतोय हे लक्षात येऊन त्यांची मान आणखी खाली गेली.

धुळाजी जीपवाल्याशी बोलायला पुढे गेला. रेणू घाईघाईने सरांजवळ सरकली.

"सर, तुम्ही आबांला खरं सांगू नका," ती म्हणाली. "तुम्ही सांगितल्याबिगर ऱ्हानार न्हाई, मला माहीत हाय. पन तुम्हीच तसं शिकवलं हे कळलं, तं त्यांचा इस्वास उडंल अन् मला मेंढरांमागं नेतील. मला आठवी शिकायचीय."

"नाही सांगत," सर म्हणाले.

"नक्की ना?"

त्यांनी मान डोलावली. पोरीला हायसं वाटलं आणि ती बापाकडे पळाली. सर तिथेच उभे राहिले. खरं सांगायचा विचार तोवर एकदाही त्यांच्या मनात आला नव्हता.