शाफ्ट कुणाकडे टाकायचा

तुटलेल्या शाफ्टचे दोन तुकडे गोणपाटात गुंडाळून मी नांदुऱ्याच्या एस.टी.त चढलो आणि ते दोन्ही पायांत धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय हाय भाऊ त्यात? तोफ घेऊन जाऊन राह्यला का?" लोक हसले. मीही हसलो, पण गोणपाट आणखी घट्ट आवळलं. त्या लोखंडात माझी एक लपवालपवी होती आणि पाहणाऱ्याला ती दिसेल, ही धास्ती मला सोनाळ्यापासून लागलेली.

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. चारही चाकं ओढणारी, रस्ता नसेल तिथं चढणारी. मालक सोनाळ्याचे, शेती होतीच, वर सातपुड्यातल्या बांबूचा ठेका. बांबू लांबीत मावावेत म्हणून त्यांनी गाडीचा सांगाडा दोन हात लांबवून घेतला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा, मध्ये एकात एक सरकणारा सांधा असलेला लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. गाडीच लांबवलेली, त्यामुळे तो कुठल्या दुकानात तयार मिळत नसे. अंगावर माप घेऊन कापड शिवावं तसा करून घ्यावा लागे.

मी राजापूरकडचा. चौथीत शाळा सुटली, पुढं ट्रकांवर भटकत भटकत इकडं येऊन टेकलो. माझ्या लायसनवर अजून मुंबई राज्य असंच छापलेलं होतं. मालकांनी ते पाहिलंही नाही. "घाटावून भरली गाडी ब्रेक न जाळता आनून दाखव," एवढंच म्हणाले. आणून दाखवली. तेव्हापासून त्यांच्याकडं दोन वेळ जेवत होतो. भाकरी खाणारं घर, पण माझ्यापुरता मूठभर भात रोज वेगळा शिजायचा. मालकीणबाई वाढताना म्हणायच्या, "भाताबिगर याचं पोट भरलं असं त्याले वाटतच नाई." त्या भातापायी मी कधी सुट्टी मागितली नाही. आणि त्या भातापायीच गप्पही राहिलो.

कारण आवाज मला महिनाभर ऐकू येत होता. गाडी भरलेली असली, एक चाक नाल्यात उतरलं, की पायाखालून टक्, टक्. जमिनीवर आल्यावर बंद. सांगावं तर गाडी उभी राहणार, हंगाम बुडणार. गाडी उभी तर ड्रायव्हरची काय गरज? असा हिशेब मी मनात करायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ चढायचो. झोपेतही उजवा पाय हलायचा.

मग एका सकाळी, जंगलात वर जाताना, शाफ्ट मोडला. मागं बांबू तोडणाऱ्या बाया-माणसं बसलेली. ब्रेक लागेपर्यंत गाडी मागं घरंगळली आणि एका सागाच्या बुंध्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. त्या बायांतली एक म्हातारी खाली उतरली, बुंध्याला हात लावून पाया पडली आणि मला म्हणाली, "बापू, आमी पायीच जातो आता. तुही गाडी तुले लखलाभ." सगळ्या तिच्यामागं चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही पायीच आल्या, दोन कोस चढून.

मालकांनी मला बोल लावला नाही. म्हणाले, "लोखंड हाय, थकते. तू जाय नांदुऱ्याले, पाह्य कोन चांगला बनवते. तू म्हनशीन त्याच्याकडं टाकू." गाडीचं माप म्हणून मी सुतळी लावून दोन गाठी मारल्या आणि निघालो.

नांदुऱ्यात स्टेशनाच्या रस्त्याला लोखंड कातणाऱ्या लेथचं नवं दुकान होतं. दुकानदारानं बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. गोणपाट उघडायला लागलो तर म्हणाला, "राहू दे, ते भंगारात टाकजो. पोकळ नळी तं मोडनच ना. तुले भरीव देतो, मनगटाएवढा. हत्ती बांधला तरी तुटनार नाई." माझी सुतळी त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला लटकवली. "परवा घेऊन जाय." एक प्रश्न विचारला नाही. मला इतकं हायसं वाटलं की चहा गरम असतानाच प्यालो. परवा शाफ्ट, तेरवा गाडी चालू, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

परतीची एस.टी. यायला वेळ होता. चहावाल्यानं सांगितलं, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या म्हाताऱ्या मिस्तरीलाही एकदा विचारून पाहा. कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद पडलं की तो बाहेरची कामं घ्यायचा. मन म्हणत होतं, काम झालंय, बस इथंच. पाय मात्र एका जागी ठरेनात. गेलो.

मिस्तरी शेडच्या सावलीत यंत्राच्या पट्ट्याला टाके घालत बसला होता. त्यानं गोणपाट स्वतःच उघडलं. मोडलेलं तोंड रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, उन्हात धरलं, आणि अंगठा फिरवला.

"हे पाह्य. इकडचं अंग पांढरं हाय. हे आता मोडलं. अन् हे अर्धं कायं हाय. हे कवाचंच चिरलं व्हतं." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आवाज कधीपासून येऊन राह्यला व्हता?"

"आवाज नव्हता," मी म्हणालो.

"बरं." त्यानं दोन्ही तुकडे पुन्हा गुंडाळून माझ्या पायाशी ठेवले आणि पट्टा हातात घेतला. मी उभाच. त्याचे चार टाके झाले, पाच झाले.

"करणार ना?" मी विचारलं.

"काय करू? गाडीले जीभ नाई, तुले हाय. तू सांगत नाई तं मले कसं समजीन, शाफ्ट आखूड व्हता का वाकडा व्हता? वाकडा असन तं रस्त्यावरबी बोलीन. आखूड असन तं खड्ड्यातच बोलीन."

खड्ड्यातच, मी मनात म्हणालो. तोंडातून मात्र वेगळंच आलं. "माप आणलंय. सुतळीवर."

"रिकाम्या गाडीचं?"

"हो."

"बाप्पा. रिकाम्या पोटी मापलेला सदरा जेवल्यावर व्हतो का? गाडी भरून आन. अन् आवाजाचं खरं सांगनारा मानूस संगं आन. नाई तं तिकडं स्टेशनावर भरीव दांडा भेटते, तो घेऊन जाय. जड दांडा, जोरात फिरला का थरथरते, अन् तुटला तं संगं गिअरपेटी घेऊन जाते. पन आवाज नाई विचारत कोनी."

मी परत निघालो. एस.टी.त पूर्णा ओलांडली, जळगाव जामोद गेलं, आणि सगळ्या वाटेत माझं एकच चाललेलं. स्टेशनावरचा माणूस मला वाचवणार होता. मिस्तरी गाडीतल्यांना वाचवणार होता, पण त्याच्याकडं जायचं तर मालकांसमोर तोंड उघडायला लागणार होतं. खिडकीतून थुंकलो, पुन्हा आत बसलो. पुढच्या बाकावरचा मला म्हणाला, "तब्येत ठीक नाई का भाऊ?" हो म्हणालो.

मालक अंगणात बाजेवर बसलेले. "सांग, कोनाकडं टाकाचा?"

मी म्हणालो, "मालक, जिनिंगच्या मिस्तरीकडे. पण त्याला आवाज कधीपासून होता ते सांगावं लागेल." आणि मग एका दमात, "मला महिनाभर येत होता. मी बोललो नाही."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मालकीणबाई दारात आल्या.

"महिना?" ते म्हणाले. "मले तं दिवाईपासून ऐकू येऊन राह्यला व्हता. म्या म्हनलं, ड्रायवर हुशार हाय, त्याले समजते, काही असन तं सांगीन."

मालकीणबाई म्हणाल्या, "दोघंबी मुके. अन् वर बाया बसवल्या." त्या आत गेल्या. त्या दिवशीही माझा भात शिजला होता. पान टाकून उठायची हिंमत झाली नाही, शेवटच्या शितापर्यंत संपवला.

गाडी नांदुऱ्याला आम्ही पुढच्या चाकांच्या ओढीवर नेली. मागचा शाफ्ट नाही, मागची चाकं नुसती घरंगळत येणारी. पुढचं टोक जणू बाकीची गाडी ओढून नेतंय. मालक शेजारी. दर मैलाला मी उतरून खाली वाकून बघत होतो. तिसऱ्या वेळेला ते म्हणाले, "आता काय पाहून राह्यला? आता तं तिथं काहीच नाई."

मिस्तरीनं जिनिंगच्या गोदामातली सरकीची पोती गाडीत भरायला लावली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले, गाडी खाली आली. मग एक मागचं चाक दगडावर चढवलं, दुसरं त्यानं खणून ठेवलेल्या खड्ड्यात उतरवलं, आणि स्वतः मापाची सुतळी घेऊन पालथा होऊन खाली शिरला. "सांग आता, कवा बोलत व्हता?" खालून विचारलं. मी सांगितलं. भरलेली असताना, चढावर, एक चाक खाली गेलं की. मालकांनी भर घातली, "डावं चाक." मला ते माहीत नव्हतं.

"हाव," खालून आलं. "मंग सांध्यात दोन बोटंच धरून व्हता तो. बाकी देवानं धरलं."

पोकळ नळीचाच शाफ्ट त्यानं केला. मधला सरकता सांधा वीतभर आत राहील असा. आठ दिवस लागले; गाडी तिथंच ठेवून आम्ही परतलो. आठही दिवस बाया पायी चढल्या, आणि मी त्यांचे कोयते नि पाण्याच्या घागरी एका बैलगाडीत घालून बरोबर चालत गेलो. ड्रायव्हर पायी चालतोय म्हणून त्या आपसात हसायच्या.

शाफ्ट बसवून गाडी आणली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी म्हातारीला सांगितलं की मागच्या वेळी मला आवाज येत होता. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. शिवी देईल असं वाटलं.

"मंग आता मी ऐकतो," ती म्हणाली. गाडीत चढली आणि बरोबर शाफ्टवर येईल अशा जागी फळीवर मांडी घालून बसली. "आवाज आला का टपावर ठोकीन. तू थांबजो."

नाल्याजवळ तिनं ठोकलं. मी गाडी रोखली, चाकांना दगड लावले, खाली शिरलो. शाफ्टवर हात ठेवला. कोमट होता, जागच्या जागी होता. वरून म्हातारी म्हणाली, "घागर व्हती रे बापू. फयीवर आपटून राह्यली व्हती." बाया हसल्या.

तरी मी लगेच बाहेर आलो नाही. सांध्याचा एकेक बोल्ट हातानं चाचपून पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून. "घागर मांडीत घ्या," खालूनच ओरडून सांगितलं, "आणि पुन्हा वाटलं तर पुन्हा ठोका."