पाठीमागचं मखर

शुभदाबाई गॅसचं बटण दोनदा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. इमारतीतली वीज-पाण्याची व्यवस्था आपल्या कॉलेजातल्या मुलांना दाखवायला कुठे परवानगी मिळेना, म्हणून त्यांनी खांदेश्वरच्या आपल्याच सोसायटीत चौफेर टिपणारा कॅमेरा फिरवला आणि वर्गात ती आभासी सफर लावली.

डोळ्यांवर सफरीचा मोठा चष्मा चढवलेला विद्यार्थी कुंदन विजेच्या तारा वर नेणाऱ्या डक्टच्या खोलीत पोचला आणि मागे वळला. "मॅडम, इथे बाप्पा बसवलाय काय?"

वर्ग हसला. कुंदनला दिसत होतं तेच दाखवणाऱ्या पडद्याकडे शुभदाबाईंनी पाहिलं. चित्रण करताना त्यांची पाठ होती, त्या बाजूला गणपतीचं थर्माकोलचं मखर थेट तारांना टेकवलेलं होतं. त्याच इमारतीत वर बाराव्या मजल्यावर आत्ता सासूबाई घरी एकट्या होत्या. 

शुभदाबाईंनी लगेच नवऱ्याला फोन लावला. सोसायटीचा सेक्रेटरी तोच, आणि त्याचं दुकानही इमारतीखालीच.

"अगं, दरवर्षी तिथंच ठेवतो. कशाला टेन्शन घेतेस?"

"अहो, ठिणगी पडली तर आई जिना उतरतील का?"

 पलीकडून घाईघाईने दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

आता वर्गात कोणी हसत नव्हतं. कुंदनने चष्मा उतरवला. "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्येपण तिथंच ठेवतात," तो हळूच म्हणाला आणि घरी फोन लावू लागला.