दोन जावा आणि आडवा पडलेला आंबा

आमच्या ह्यांनी बॅटरीवर चालणारी करवत मागवली ती मोठ्या हौसेने. वाडीत पडझड होतच असते, आणि तोडायला माणूस मिळेपर्यंत महिना निघून जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. खोकं दारात आलं. हे ते उचलायला वाकले आणि वाकले ते सरळ होईनात. कंबरेत उसण भरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा, आणि काही दिवस ताकाचा तांब्यासुद्धा उचलू नका. करवत आली आणि करवतवाला पडवीतल्या खाटेवर आडवा झाला. खोकं कोपऱ्यात राहिलं.

आमची सुपारीची वाडी श्रीवर्धनच्या अलीकडे आहे. मी मुंबईतली नोकरी संपवून ह्यांच्यासोबत इथे राहायला आले. वाडी इतकी वर्षं सांभाळली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. थोरले दीर गेल्यावर त्यांनी शिंपणं, सुपारी वाळवणं, गडी लावणं, सगळं एकटीने केलं. मी त्यांना ताई म्हणते. ताईंना भीती म्हणून कशाची नाही, आणि मी गॅसचं बटण बंद आहे का ते दोनदा बघणारी. आमचं पटतं, पण एकमेकींना टोमणे मारून.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि रायवळ आंब्याची एक जाडजूड फांदी मोडून पडली. सकाळी जाऊन बघतो तर पंपाच्या खोपीकडे जायची वाट पूर्ण बंद. फांदीचं बूड बांधावर टेकलेलं, शेंडा पलीकडे जमिनीत रुतलेला आणि मधला भाग अधांतरी. शेंड्याच्या डहाळ्यांखाली एक कोवळी सुपारी धनुष्यासारखी वाकून दाबली गेली होती.

"मोडली न्हाय अजून," ताई तिच्या खोडावरून हात फिरवत म्हणाल्या. "पण अशी राहिली तर मरंल."

गावात पेट्रोलची करवत असलेला एकच माणूस. त्याला फोन केला तर तो म्हणाला, सगळीकडे झाडं पडलीत, दिवाळी होऊ दे, मग बघू. पाऊस थांबला की वाडीला पाणी द्यावं लागतं, आणि पंप फांदीच्या पलीकडे. ताईंनी पदर खोचून कुऱ्हाड घेतली. बराच वेळ घाव घातले. आंब्याला वाटीएवढा खड्डा पडला. मग त्या बांधावर बसल्या, घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "त्यो खोका उघड गो."

पडवीत हे खाटेवर उठून बसायला लागले. "मी सांगतो, तसं करा."

"भावजी, तुम्ही निजा," ताई म्हणाल्या.

मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि सोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसले. ताईंना हे अजिबात पटेना. त्यांच्या मते यंत्र हातात घेतलं की आपोआप कळतं. मी वाचून होईतो त्यांनी साखळी पिशवीतून काढून जपमाळेसारखी बोटांवर धरली होती. दात किती तीक्ष्ण आहेत ते त्यांना बोट कापल्यावर कळलं. हळद लावून त्या परत आल्या आणि मी म्हणाले, "आता हातमोजे घाला."

बाजूचं झाकण काढलं, लांब पट्टी बसवली, तिच्या खाचेत साखळी घातली, मागच्या दातेरी चाकावर अडकवली आणि झाकण लावलं. साखळी किती ताणायची हा पुढचा प्रश्न. खाली लोंबता कामा नये, पण मोजा घातलेल्या हाताने ओढली तर सरकली पाहिजे. "पोरीच्या वेणीसारखी," ताई म्हणाल्या, "घट्ट, पण डोकं दुखू नये इतकी." त्यांच्या हाताला ते माझ्याआधी जमलं. तेलाची टाकी भरायची होती. घरातलं खोबरेल चालेल असं त्यांनी सुचवलं. मी सोबत आलेल्या बाटलीतलंच घातलं. बॅटरी मात्र अजून बाहेरच होती. ती सगळ्यात शेवटी, कामाच्या जागी गेल्यावर, हे मी आधीच बजावून ठेवलं होतं.

अंगणात एक जुना ओंडका होता. त्यावर पहिली परीक्षा घ्यायची ठरली. मी बॅटरी बसवली, दोन्ही हातांनी करवत धरली आणि चाप दाबला. आवाज पेट्रोलच्या करवतीसारखा कर्कश नव्हता, मिक्सरचा मोठा भाऊ म्हणता येईल असा. ओंडक्यावर पट्टी टेकवली. भुसा उडेना. थोड्या वेळाने धूर यायला लागला.

"ओंडक्याला धुरी देत्येस की कापत्येस?" ताईंनी विचारलं.

मी थांबले, बॅटरी काढली आणि पुस्तिकेतलं चित्र पुन्हा बघितलं. पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे बघायला हवी होती. आमची माझ्याकडे बघत होती. साखळी उलटी बसली होती. पडवीतून ह्यांचा आवाज आला, "मी म्हणत होतो ना," पण ते काय म्हणत होते ते आम्ही दोघींनीही ऐकलेलं नव्हतं. साखळी सुलटी केली, पुन्हा ताणली, आणि या खेपेला ओंडका लोण्यासारखा कापला गेला. ताईंनी भुसा हातात घेऊन वास घेतला.

वाडीत निघण्याआधी आमचं भांडण झालं. ताई नऊवारी नेसतात. कासोटा कितीही घट्ट असला तरी पदर सुटतो, आणि साखळीत पदर गेला तर काय होईल ते सांगायला पुस्तिकेची गरज नव्हती. मी माझा सलवार-कमीजसुद्धा बदलून पँट घातली होती.

"साडीत मी माडावर चढल्येय," ताई म्हणाल्या.

"माडाला फिरती साखळी नव्हती, ताई."

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगात ह्यांची खाकी पँट, ह्यांचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात गमबूट, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर जाड चष्मा. ह्यांनी खाटेवरून बघितलं, आणि हसल्यावर कंबर दुखते म्हणून तोंडावर उशी दाबून धरली. वाटेत शेजारच्या काकी भेटल्या. त्यांनी ताईंकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "गडी कुठला आणलास?"

"तळा गावचा," ताईच जाड आवाजात म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

आधी बारीक डहाळ्या काढल्या. त्या सोप्या गेल्या. मग मी अधांतरी भागावर वरून कापायला घेतलं. निम्म्यावर गेले आणि फांदीने करवत घट्ट धरली. ना पुढे ना मागे. मी ओढणार तेवढ्यात आठवलं, आणि आधी बॅटरी काढली. ताईंनी वाकून बघितलं. दोन टोकं टेकलेली, मधला भाग खाली बसतोय, म्हणून वरची चीर मिटत होती. त्यांनी कुऱ्हाडीने दोन पाचरी तासल्या आणि चिरेत ठोकल्या. चीर उघडली, करवत सुटली. पुढच्या खेपेपासून वरून थोडंसंच कापायचं आणि उरलेलं खालून, असं ठरलं. खालून कापताना करवत आपल्याच अंगावर ढकलली जाते, म्हणून पाय फाकवून भक्कम उभं राहावं लागतं. पण तुकडा धप्पकन् खाली पडला तेव्हा मला शाळेत नंबर आल्यासारखं वाटलं.

मग ताईंची पाळी. पकड कशी, डावा अंगठा दांड्याभोवती कसा, टोक कशालाही लागू द्यायचं नाही, सगळं मी सांगितलं. "व्हय, व्हय," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. हात चांगला चालत होता. मी लांब उभी होते. पलीकडे पानांआड एक दुसरी फांदी होती, ती दोघींनाही दिसली नाही. पट्टीचं टोक तिला लागलं आणि करवत झटक्यात वर उसळली. मुठीपुढचा आडवा दांडा ताईंच्या मनगटाला लागून पुढे गेला, खट्ट आवाज झाला आणि साखळी जागच्या जागी थांबली.

ताईंना काही झालं नव्हतं. त्यांनी करवत जमिनीवर ठेवली, बॅटरी स्वतःच काढली आणि बांधावर बसल्या. मी पाणी दिलं.

"माझ्या तोंडाकडं आली व्हती," त्या हळू म्हणाल्या. मग पाणी प्यायल्या. "मघाशी काय सांगत व्हतीस त्या टोकाचं? आता परत सांग."

मी परत सांगितलं. कापण्याआधी पलीकडची पानं हाताने बाजूला करून बघायची, ही त्यांनी स्वतःची भर घातली. आणि तो आडवा दांडा पुढे-मागे करून ब्रेक कसा लागतो, कसा सुटतो, ते आम्ही दोघींनी नीट बघून घेतलं. खरं म्हणजे ते आधीच करायला हवं होतं.

शेवटी राहिली वाकलेली सुपारी. वरचं ओझं निघालं की ती चाबकासारखी उसळणार, हे ताईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी खोडाला सुंभाचा दोर बांधला, जवळच्या माडाला दोन वेढे दिले आणि दुसरं टोक स्वतः धरून उभ्या राहिल्या. मी सुपारी उसळेल त्या बाजूला न राहता, विरुद्ध बाजूने फांदीचा शेंडा तोडला. तुकडे ढकलून दिले. करवत बंद करून लांब ठेवली. मग ताई दोर हळूहळू सोडू लागल्या. सुपारी कुरकुरत, थांबत थांबत वर आली. पूर्ण सरळ झाली नाही, थोडी झुकलेलीच राहिली. ताईंनी तिला बांबूचा टेकू दिला आणि म्हणाल्या, "राहू दे. आपल्या भावजींसारखी सरळ व्हईल सावकाश."

संध्याकाळी पंप सुरू केला. पाटातून पाणी पळताना बघत आम्ही दोघी बसलो होतो, अंगभर भुसा, दंड दुखून आलेले. खूप हसलो. कशाला, ते आता आठवत नाही.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. चार घरं पलीकडचे एक जण करवत मागायला आले. त्यांच्या शेवग्याची फांदी विजेच्या तारेवर आली होती. शिडी लावून कापतो म्हणाले. मी काही बोलण्याआधी ताई पुढे झाल्या. "शिडीवर न्हाय. खांद्याच्या वर न्हाय. तारंजवळ तर न्हायच न्हाय. वीजवाल्यांना बोलवा. जमिनीवर पडलेलं काय असंल तर आम्ही दोघी येऊ, करवत एकटी कुठं जात न्हाय."

ते गृहस्थ माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. त्यांच्या परड्यात खरंच सुरूचं एक वाळकं झाड आडवं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही ते कापून दिलं. त्यांच्या घरून ओल्या काजूची उसळ आली नाही, कारण तो हंगामच नव्हता, पण पिकलेल्या पपया आल्या.

ह्यांची कंबर हळूहळू बरी झाली. एका सकाळी चालत वाडीत आले, करवतीकडे हात केला आणि म्हणाले, "आता मी बघतो जरा."

ताईंनी करवत मागे घेतली. "भावजी, साखळीची धार कुठल्या बाजूला असते?"

हे विचार करायला लागले. मी दुसरीकडे बघत हातमोजे घातले.