विद्यापीठाचं यंत्र आणि मामाच्या चपला

भिवंडीत नारपोलीच्या आमच्या गल्लीत कावळेसुद्धा खुणा करून बोलतात. खोटं वाटत असेल तर एखाद्या दुपारी येऊन बघा. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचे कारखाने, मधे हातभर बोळ, आणि खटखटाट असा की माझ्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं म्हटली की बाराखडी, याचा निकाल अजून लागलेला नाही.

अशा गल्लीत एक विद्यापीठ चक्क ऐकायला आलं. विद्यापीठ म्हणजे दोन माणसं. एक मॅडम, माणसं कामं कशी करतात आणि ती कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या. मानववंशशास्त्र म्हणतात त्याला. दुसरा एक किडकिडीत संगणकवाला. त्याच्या पिशवीत इतक्या वायरी होत्या की भिवंडी कल्याणला बांधून ठेवता आली असती. लूमच्या आवाजावरून, ती बिघडायच्या आधीच, काय बिघडणार हे ओळखायला त्यांना संगणकाला शिकवायचं होतं. आणि त्या संगणकाचा गुरुजी होता माझा मामा.

मामा जॉबर, म्हणजे लूमचा वैद्य. बिघडलेली लूम सगळेच जॉबर चालू करतात. मामा चालू लूम बघून सांगायचा की ही आता तासाभरात झोपणार. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून. मॅडम तिथं जुनी वर्तमानपत्रं चाळायला आल्या. पाचव्या मिनिटाला मी त्यांना मामा देऊ केला आणि दहाव्या मिनिटाला दुभाष्या म्हणून स्वतःला.

पहिल्याच दिवशी मामानं कमाल केली. दाराशी चपला काढल्या, अनवाणी लूमांच्या मधून चालत गेला, मधेच थांबला, तीन बोटं वर केली आणि पाठीमागं खूण केली. तीन नंबरची लूम थांबवून पाहिली. धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याला केसाएवढी चीर! संगणकवाल्याचा आ झाला तो झालाच. मॅडमचं लक्ष मात्र दाराकडं.

"मामाजी चप्पल क्यों उतारते हैं?"

आता हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण कधी विचारलं नव्हतं. पण वही उघडून बसलेल्या माणसाला "माहीत नाही" म्हणायचं, हे आमच्या रक्तात नाही.

"मॅडम, लूम म्हणजे देवी," मी सुरू झालो. "प्रत्येकीचा वार वेगळा. ही तीन नंबरची मंगळवारवाली, भारी तिखट. माझ्या पणजोबांनी एकदा चपला घालून पाऊल टाकलं, तर धोटा उडाला तो थेट चार कोसांवर पडघ्याच्या बाजारात पडला. भाजीवालीनं वजन म्हणून वापरला."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. भाजीवालीसकट. दुसऱ्या दिवशी विचारलं, मंगळवारी नैवेद्य काय असतो? मी पुरणपोळी सांगितली. आठवड्याभरात त्या देवीवर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं, आणि मलाही ती थोडी थोडी दिसायला लागली.

इकडं संगणकवाल्यानं छताला माईक टांगले होते. पंधरा दिवसांत त्याच्या यंत्रानं त्या कल्लोळातून एकेक लूम वेगळी काढली. सात नंबरचा धागा तुटला, बारा थांबली, बारा सुरू झाली. पडद्यावर नुसती नोंद उमटायची आणि बघावं तर खरंच तसं. थापा बाजूला ठेवून सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. माझी चाळीस वर्षं या गल्लीत गेली. मला तो सगळा एकच आवाज वाटत आला होता. पण मामाला जे आधी कळायचं, ते मात्र यंत्राला काही केल्या कळेना.

मग संगणकवाल्यानं तोडगा काढला. मामाला शांत खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, टेप केलेले आवाज ऐकवायचे आणि कुठं काय खटकतं ते विचारायचं.

कारखान्याचा शेठ खूश. "अरे, मेरा जॉबर आँख बंद करके बताएगा! कल दस बजे. बाजूवाले शेठ लोगों को भी बुलाता हूँ."

मी मात्र उद्या मामाला कुठं लपवायचं याचा विचार करायला लागलो. कारण मामाला ऐकूच येत नव्हतं. चार वर्षं झाली होती, आणि हे फक्त मामीला आणि मला ठाऊक होतं. लूमच्या कारखान्यात बहिरा माणूस सापडणं अशक्य. तिथं सगळेच ओठांनी आणि बोटांनी बोलतात. बाहेरही मामा समोरच्याचे ओठ वाचून झोकात उत्तरं द्यायचा. पण डोळे मिटून, हेडफोन लावून तो काय वाचणार होता? आणि बहिरा जॉबर शेठ कशाला ठेवील?

संध्याकाळी मामाकडं गेलो. तो चहा पीत होता. त्याच्या समोर बसून तोंड नीट उघडून म्हणालो, "मामा, उद्या ताप आलाय म्हणून कळवा."

"आनि परवा काय कळवू?" मामा हसला. "अरं, कानानं मी लूम कदी ऐकलीच न्हाय. कान धड होतं तवा बी न्हाय. मी तळव्यानं ऐकतो. म्हनून तर चपला काढतो."

मी त्याच्या तळव्यांकडं बघितलं. मग माझ्या.

"तू काय सांगितलंस त्या बाईला?"

मी देवी सांगितली. मंगळवारही सांगितला. मामानं कप खाली ठेवला.

"मंगळवार? आरं, सुट्टी शुक्रवारची आस्ते कारखान्याला! निदान वार तरी इचारून घ्यायचास." मग कप उचलून म्हणाला, "सकाळी खरं सांग तिला. कानाचं बी सांग. शेठचं माझं मी बघतो."

सकाळी नऊ वाजता मी मॅडमसमोर उभा राहून सगळं ओकलो. वाटलं, आता वही डोक्यात बसणार. त्यांनी शांतपणे पानावर रेघ मारली, मग पुढच्या पानावर, मग त्याच्या पुढच्या. देवी गेली, पणजोबा गेले, भाजीवाली गेली. आणि मग त्यांचे डोळे असे काही चमकले की बस. म्हणाल्या, हत्तीच्या पायांना दुरून आलेली थरथर जमिनीतून कळते. वाळूतला विंचू भक्ष्य कुठं हललं ते नुसत्या कंपावरून ओळखतो. मी जन्मभर थापा मारल्या. या खऱ्या गोष्टीच्या पासंगाला पुरेल अशी त्यात एकही नव्हती.

त्यांनी मामाला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, "आप हाँ बोलेंगे तो ही लिखूँगी. आज का टेस्ट भी रद्द."

"रद्द नको," मामा म्हणाला.

दहा वाजता पाच शेठ काचेच्या ऑफिसात दाटीवाटीनं बसले. मामानं हेडफोन उचलले, बघितले आणि टेबलावर परत ठेवले.

"शेठ, मेरे कान बंद हो गए हैं. चार साल हुए."

आमच्या शेठचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "चार साल? और मैं रोज जो तुमको गाली देता था?"

"होंठ दिखते थे, शेठ."

बाकीचे चार शेठ खो खो हसले. आमचा हसला नाही. "तो काम कैसे करते हो?"

मामा उठला आणि चालू लागला. कारखान्याच्या दाराशी थांबून त्यानं सगळ्यांच्या बुटांकडं बोट केलं. पाच शेठ अनवाणी झाले. मीही झालो. तळव्याखाली नुसत्या मुंग्या. लाखभर मुंग्यांचं लग्न लागल्यासारख्या. त्या वरातीत मामा शिरला, चालला, थांबला, डोळे मिटले. मग अकरा बोटं दाखवली. दहा एकदम, एक नंतर.

संगणकवाल्यानं अकरा नंबरजवळ फरशीला नाण्याएवढा, कंप टिपणारा सेन्सर चिकटवला. पडद्यावर रेघांचं वेडंवाकडं गवत उगवलं, बाकी काही नाही. सगळे पडद्याकडं, मी शेठकडं. मामानं ते गवत पाहिलं, वाकला, सेन्सर नखानं उचकटला आणि वीतभर सरकवून लूमच्या पायाला खेटून लावला.

"हितं."

गवतातून एक बारीक काटा उभा राहिला. गेला. पुन्हा आला. तेवढ्याच अंतरानं, पुन्हा. संगणकवाला श्वास घ्यायचा विसरला. जे मामा एवढी वर्षं तळव्यात घेऊन हिंडत होता, ते आम्ही सगळे पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो.

शेठनं लूम बंद करवली, गुडघे टेकून खाली हात घातला. लूमच्या पायाचा बोल्ट त्याच्या नुसत्या बोटांनी फिरला. तो उठला, तेलाचा हात लेंग्याला पुसला, मामाच्या अगदी समोर आला, संगणकवाल्याकडं बोट केलं आणि एकेक शब्दाला ओठ ऐसपैस उघडत म्हणाला, "बाकी के सेन्सर कहाँ लगाने हैं, इसको दिखा दो."