सुदामकाकांची सही

रविवारी सकाळी शेडला कुलूप दिसलं तेव्हा मी आधी चिडलेच. बदनापूरच्या आमच्या सायकल गटाच्या शेडची किल्ली सुदामकाकांकडे असायची आणि आठ वाजून गेले तरी ते आले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. फोन लावला तर त्यांच्या बायकोनं, सुभद्राकाकूंनी उचलला. "बाई, ते गेले हो... चहा ठिवला अन् म्या त्यांना उठवाया गेले तं..." आपण चिडलो होतो याची लाज नंतर वाटली.

आमचा गट म्हणजे काही मोठा कारभार नाही. लोकांच्या घरी गंजत पडलेल्या सायकली मागून आणायच्या, रविवारी दुरुस्त करायच्या आणि आसपासच्या गावांतून शाळेला, स्टेशनला पायी येणाऱ्यांना वापरायला द्यायच्या. मी शिक्षिका, त्यामुळे रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. काका जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि "घरी बसून म्या बी गंजून जाईन" म्हणत आमच्याकडे आले. त्यानंतर पाना दुसऱ्या कुणाच्या हातात फारसा राहिला नाही.

रजिस्टरात डावीकडच्या पानावर आलेल्या स्वयंसेवकांच्या सह्या, उजवीकडे सायकलींच्या तक्रारी. तारखा मी महिन्याच्या सुरुवातीलाच घालून ठेवते, तशी मी शिस्तीची आहे. काका सही करत नसत. आले की सरळ सायकल उलटी करायचे, हात काळे करून घ्यायचे आणि मग तक्रारी वाचायला उजवं पान धरायचे. कोपऱ्यात अंगठ्याचा ठसठशीत डाग! "काका, रजिस्टर घाण करू नका हो," मी दर आठवड्याला म्हणायचे. "बराबर हाय, बाई," असं म्हणून ते अंगठा पँटीला पुसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

वर्षातून एकदा आम्ही शाळेच्या अंगणात सत्कार ठेवतो. पूर्वी फक्त स्वयंसेवकांचा असायचा. चालवणाऱ्यांचाही करायचा, ही काकांची कल्पना. "सायकल उभी राह्यली का मरती, बाई. तिला जित्ती ठिवणाऱ्याचं नाव बी घ्या की." निवडही तेच करायचे. चेनवरून बोट फिरवलं की कोणी सायकल सांभाळली ते त्यांना कळायचं. गेल्या वर्षी त्यांनी शीलाला निवडलं. ती गावाहून स्टेशनपर्यंत सायकलनं येते, तिथून रेल्वेनं जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात कामाला जाते. शाल घेतल्यावर शीलानं माईक सोडला नाही. "समद्यांची नावं घेतली, अन् काका कुठंयत? माझी सायकल त्यांनीच उभी केलीय."

मी यादी पाहिली. प्रमाणपत्रं मी सह्यांवरून काढली होती. काकांची सहीच नव्हती, म्हणून नावही नव्हतं. इतक्या जणांनी यादी वाचली, पण कुणाच्याच लक्षात आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काका मंडपामागे कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते. मी जाऊन माफी मागितली.

"राहू द्या हो. म्या सही केली न्हाई, तुम्ही तरी काय करणार?" पंप न थांबवता ते म्हणाले. "पुढच्या साली दोन शाली घेतो. एक सुभद्राला."

पुढच्या वर्षी पहिलं नाव त्यांचंच, असं मी तेव्हाच ठरवलं. सत्कार दोन आठवड्यांवर आला आणि ते गेले.

यादीसाठी पुन्हा रजिस्टर घेऊन बसले. या वेळी उजवीकडची पानं उलटत गेले. प्रत्येक रविवारी, त्याच कोपऱ्यात, अंगठा. एका पावसाळी रविवारी तर आम्ही कुणीच गेलो नव्हतो. डावं पान कोरं, आणि उजवीकडे अंगठा होता. त्या पानावर मला रडू आवरलं नाही. मग पेन घेतलं आणि एकेका ठशापुढे 'हजर' लिहीत गेले.

सत्काराला काकू आल्या. प्रमाणपत्र दिलं, खांद्यावर शाल घातली, आणि वर दुसरी. "दोन कामून?" त्यांनी विचारलं. मी काकांचं बोलणं सांगितलं. "मला न्हाई बोलले कधी..." एवढंच म्हणून त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. जाताना शेडची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आता रविवारी कुलूप मी उघडते. शीला चेन बसवायला शिकून राह्यलीय, तिच्याच शब्दांत सांगायचं तर. ती काम झालं की साबणानं हात धुते आणि मगच रजिस्टर उघडते. तिला मीच तसं सांगितलंय. काका गेल्यापासूनच्या एकाही पानावर डाग नाही.